मुंबईला पहिल्यांदा येताय? आधी स्टेशन आणि बाजू लिहून घ्या

मंत्रालयात अडकलेलं काम, टाटाला दाखवायचा पेशंट, पोराची मुलाखत, नाहीतर नात्यातलं लग्न. गावाकडून पहिल्यांदा मुंबईला येणारा माणूस बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या कारणानं येतो. नुसतं फिरायला येणाऱ्यांचं फारसं अडत नाही, चुकले तरी फिरणं होतंच. काम घेऊन आलेल्याला मात्र वेळ गाठायची असते. हे त्याच्यासाठी.

गर्दीची भीती सगळेच घालतात. पण नवख्याचा वेळ जातो तो चुकीच्या बाजूला उतरण्यात, चुकीच्या गाडीत चढण्यात आणि ज्या वेळी निघू नये त्या वेळी निघण्यात. एवढं सांभाळलं की गर्दीचं काय ते गर्दीच बघते, तुम्हाला ढकलत ढकलत बरोबर बाहेर आणून सोडते.

निघण्याआधी: पत्ता कसा घ्यायचा

मुंबईत पत्ता रस्त्याच्या नावावरून सापडत नाही. पत्ता म्हणजे स्टेशन आणि त्याची बाजू. रेल्वेचे रूळ शहरातून उभे, उत्तर-दक्षिण गेलेत, त्यामुळे जवळपास प्रत्येक स्टेशनाला पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आहेत. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम कागदावर शेजारी दिसतात, पण चुकीच्या बाजूला उतरून रिक्षात बसलात तर उड्डाणपुलावरून नाहीतर सबवेतून वळसा घालून जावं लागतं, आणि संध्याकाळची वेळ असेल तर त्यात अर्धा तास सहज जातो.

म्हणून फोनवर पत्ता विचारताना तीन गोष्टी विचारा. स्टेशन कुठलं? पूर्व की पश्चिम? आणि बाहेर पडल्यावर कुठल्या खुणेपाशी यायचं? समोरचा माणूस हुशार असेल तर स्टेशनाच्या कुठल्या टोकाच्या पुलानं बाहेर पडायचं तेही सांगेल: ‘चर्चगेटच्या टोकाला ये’ किंवा ‘कल्याणच्या टोकाला ये.’ हे ऐकायला विचित्र वाटतं, पण स्टेशनात तीन-चार पूल असतात आणि एकेक पूल वेगळ्याच रस्त्यावर उतरतो.

जुनी नावंही कानावर असू द्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लोक सीएसएमटी, सीएसटी आणि अजूनही व्हीटी म्हणतात, तिन्ही एकच. प्रभादेवी स्टेशन २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं आणि वयस्क टॅक्सीवाल्याच्या तोंडी अजून तेच आहे. ‘फाउंटन’ म्हणजे हुतात्मा चौक, ‘टीटी’ म्हणजे दादर पूर्वेचं खोदादाद सर्कल.

आणि हो, मुंबईकर अंतर किलोमीटरात सांगत नाही, मिनिटांत सांगतो. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे त्याच्या चालण्याच्या वेगानं असतं. तुम्ही दहा धरा. सोबत म्हातारं माणूस असेल तर पंधरा.

मुंबईत उतरायचं कुठे

कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरकडची विदर्भ आणि सेवाग्राम या गाड्या सीएसएमटीपर्यंत जातात म्हणून आपणही शेवटपर्यंत जायचं, असं काही नाही. मध्य रेल्वेनं येणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याण, ठाणे, दादर यांपैकी कुठे ना कुठे थांबतात. डोंबिवलीला जायचंय तर कल्याणलाच उतरा, नवी मुंबईला जायचंय तर ठाण्याला उतरून वाशी-पनवेलकडची ट्रान्सहार्बर लोकल पकडा. सीएसएमटीला जाऊन परत उलटं येण्यात हशील नाही. पश्चिम रेल्वेवरचं काम असेल, म्हणजे बांद्रा, अंधेरी, बोरिवली, तर दादर सोयीचं, कारण मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे एकत्र येतात. कोकणातली तुतारी एक्स्प्रेस तर दादरलाच संपते.

दादरला एक लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या प्लॅटफॉर्मना सलग क्रमांक दिलेत: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुनी माणसं अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’ असं सांगतात आणि ऐकणारा पश्चिमेच्या एक नंबरवर जाऊन उभा राहतो. सीएसएमटीलाही अशीच विभागणी आहे: १ ते ७ लोकल, ८ ते १८ लांब पल्ल्याच्या गाड्या. लोकलमध्येही १ आणि २ हार्बरच्या, म्हणजे वडाळा-पनवेलकडच्या मार्गाच्या.

तिकिटावर ‘लोकमान्य टिळक टर्मिनस’ लिहिलं असेल तर त्याला लोक कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ला स्टेशन नव्हे. तिथून चालत जाण्यासारखं लोकलचं स्टेशन म्हणजे हार्बरवरचं टिळकनगर. बाहेर पडल्याबरोबर जे लोक बॅगेला हात घालत ‘कुठं जायचं, कुठं जायचं’ करतात त्यांच्याशी बोलूच नका. बांद्रा टर्मिनसही असंच, बांद्रा लोकल स्टेशनापासून वेगळं.

एसटीनं येणाऱ्यांसाठी मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर आणि बोरिवली हे मोठे थांबे. खासगी बसवाले मात्र हायवेवर वाशी, चेंबूरचं मैत्री पार्क, सायन असं कुठेही पहाटेच्या अंधारात उतरवतात. आपल्याला कुठे उतरायचंय ते क्लीनरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि पनवेल आलं की जागे व्हा.

तिकीट

लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. जगात इतका स्वस्त प्रवास फार ठिकाणी नसेल, तरी रांगेचा कंटाळा म्हणून लोक विनातिकीट चढतात आणि मग किमान २५० रुपये दंड अधिक भाडं असं भरतात. टीसी नवख्याला बरोबर ओळखतो. फोनवर रेल्वेचं रेलवन ॲप आधीच घेऊन ठेवा, नोंदणी घरीच करा. तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा. ॲप नको असेल तर खिडकीशेजारी एटीव्हीएम मशीन असतं आणि बहुतेक ठिकाणी त्यावर तिकीट काढून देणारा माणूसही असतो. परतीचं तिकीट एकदमच काढलं तर संध्याकाळची रांग वाचते.

एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. साध्या तिकिटावर थंड डब्यात बसलात तर दंड. फर्स्ट क्लासचंही तसंच, आणि तिथे गादी सोडली तर गर्दीत फारसा फरक नाही.

लोकल

इथे जरा सावकाश वाचा.

आधी वेळ. सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीकडे वाहते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ ती उलट, विरार, कल्याण, पनवेलकडे. तुम्ही याच्या विरुद्ध दिशेनं निघालात तर भर गर्दीच्या वेळीही बसायला मिळतं. ज्यांना सकाळी अकराला मंत्रालयात पोचायचंय त्यांनी एकतर सातच्या आत निघावं, नाहीतर उभं राहायची तयारी ठेवावी. रात्री साधारण एक ते पहाटे चारपर्यंत लोकल नसते.

मग इंडिकेटर. प्लॅटफॉर्मवरच्या पाटीवर गाडीची वेळ, शेवटचं स्टेशन, जलद की धीमी आणि डबे बारा की पंधरा एवढं लिहिलेलं असतं. स्टेशनाचं नाव पूर्ण येईपर्यंत थांबा, नुसत्या इंग्रजी अक्षरावर जाऊ नका. मध्य रेल्वेवर कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ अशी अक्षरं आहेत, आणि धीम्या गाडीलाही ‘एस’च. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत असे दोन फाटे फुटतात. कर्जतच्या फाट्यावरच्या बदलापूरला जाणारा कसारा गाडीत बसला तर थेट टिटवाळ्याला जागा होतो.

जलद गाडी सगळीकडे थांबत नाही. दादरहून परळला जायचं असेल, म्हणजे टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला, तर धीमीच हवी. जलद पकडलीत तर परळ डोळ्यांसमोरून निघून जाईल आणि भायखळ्याला उतरून मागे यावं लागेल. पश्चिमेला प्रभादेवी आणि लोअर परळही धीम्याच गाड्यांचे. शंका असेल तर धीमी पकडा. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, पण चुकणार नाही.

प्लॅटफॉर्मवर उभं कुठे राहायचं? खांबांवर तिरके रंगीत पट्टे दिसतात तिथे फर्स्ट क्लास, महिलांचा किंवा दिव्यांगांचा डबा येतो. साध्या तिकिटावर पट्ट्यांसमोर उभं राहू नका. बाईमाणसानं मात्र महिला डब्याची जागा विचारून घ्यावी. मोठं सामान असेल तर लगेज डबा शोधा. मासळीच्या टोपल्या, भाजीचे गठ्ठे असतील, पण तुमच्या पोत्याकडे कोणी डोळे वटारणार नाही.

चढताना दारासमोर छाती काढून उभं राहायचं नाही. दाराच्या कडेला राहा, उतरणारे उतरू द्या, मग चढा. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. आत शिरलात की दारात अडकू नका, बाकांमधल्या जागेत सरका. दारात उभं राहून फोन तर नकोच. रुळांच्या कडेला काठी घेऊन उभे राहणारे चोर हातावर फटका मारतात आणि फोन खाली पडतो, म्हणून त्यांना फटका गँगच म्हणतात. बाकाच्या टोकाला कोणी अर्धवट टेकलेलं दिसेल ती चौथी सीट. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला एवढी जागा देणं हा इथला अलिखित कायदा आहे. तुम्हीही बेलाशक मागा, ‘जरा सरकता का?’ म्हटलं की लोक सरकतात.

उतरण्याची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू करायची. सीएसएमटीकडे निघालेल्या गाडीत दादरला उतरायचंय, तर कुर्ला गेलं की पुढच्या माणसाला विचारा:

‘काका, दादर?’

‘नाही, भायखळा. या, पुढे या.’

एवढ्यावर तो अंग तिरकं करून तुम्हाला पुढे घेतो. मग त्याच्या पुढच्याला तोच प्रश्न. ‘हो, दादर’ असं उत्तर आलं की त्याच्या मागे गप्प उभं राहा. हे केलं नाहीत तर ऐनवेळी कितीही ओरडलात तरी दारापर्यंत पोचणं कठीण. प्लॅटफॉर्म डावीकडे येणार की उजवीकडे तेही याच माणसाला विचारा, त्याला पाठ असतं.

एक मैत्रीचा सल्ला. संध्याकाळी चर्चगेट किंवा दादरहून अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. ती तुमच्या स्टेशनला थांबत असली तरी. लांबचे प्रवासी जवळच्यांना दारात येऊ देत नाहीत, यावरून भांडणं होतात, आणि खरं सांगायचं तर दीड-दीड तास उभ्यानं जाणाऱ्यांची बाजूही अगदीच खोटी नाही. बोरिवली किंवा अंधेरी लोकल मागून येतेच.

रूळ ओलांडायचे नाहीत. शंभर जण ओलांडताना दिसले तरी नाही.

स्टेशनबाहेर

रिक्षा आणि टॅक्सी यांची हद्द ठरलेली आहे. पश्चिमेला बांद्रा आणि पूर्वेला सायन, त्याच्या दक्षिणेला रिक्षा येत नाही. दादर, परळ, फोर्टला ‘रिक्षा कुठे मिळेल’ विचारत फिरू नका, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये असा दर झाला. मीटर टाकायला सांगा. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट भाडं घेतात, ती फसवणूक नव्हे. मुंबईचा मीटरवाला सहसा फसवत नाही हे मी ठामपणे सांगेन. जवळचं अंतर असलं की नाही म्हणतो, हे मात्र आहे.

बेस्टच्या लाल बसचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालं. वर्दळीच्या स्टेशनांबाहेर शेअर रिक्षा-टॅक्सीची रांगही असते. रांग दिसली की शेवटी जाऊन उभं राहा. मुंबईत रांग मोडणं हा मोठा गुन्हा आहे, बाकी बरंच खपतं.

भुयारी मेट्रो, म्हणजे आरे ते कफ परेडची तीन नंबरची, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. विमानतळ, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट, विधान भवन अशी तिची स्टेशनं आहेत. लोकलपेक्षा महाग आहे, पण आजारी माणूस सोबत असेल तर वरचे पैसे वसूल होतात.

मंत्रालयाचं काम

शनिवार-रविवारी मंत्रालय बंद. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तरी शनिवारी सकाळी गेटवर पिशवी घेऊन उभी माणसं दिसतातच. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून येऊ नका. जवळचं स्टेशन चर्चगेट, मेट्रोचं विधान भवन. सीएसएमटीहून शेअर टॅक्सी मिळते.

आत जायला प्रवेशपत्र लागतं. त्यासाठी आता डिजीप्रवेश ॲपवर नोंदणी आहे, ती गावातूनच करून या. ओळखपत्र मूळ हवं, झेरॉक्स चालत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘माझी फाइल कुठाय’ असं मोघम विचारत जाऊ नका. अर्ज कुठल्या विभागाला गेला, त्याचा आवक क्रमांक काय, कुठल्या कार्यासनाकडे, म्हणजे टेबलाकडे, आहे एवढं जिल्ह्याच्या कार्यालयातून लिहून आणा. हा कागद हातात असला की कक्ष अधिकारी दोन मिनिटांत काय ते सांगतो. नसला की या मजल्यावरून त्या मजल्यावर. गेटबाहेर ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणारा भेटला तर नमस्कार करून पुढे जा.

हॉस्पिटलचं काम

टाटा, केईएम आणि वाडिया ही तिन्ही परळला, एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. पण टाटाचा कागद नीट वाचा. पुढची तारीख कधी कधी खारघरच्या केंद्रातली असते, आणि खारघर हे नवी मुंबईत, हार्बर मार्गावर. परळला जाऊन मग पेशंटला घेऊन खारघर गाठायचं म्हणजे अख्खी सकाळ गेली.

जुने रिपोर्ट, स्लाइड-ब्लॉक, रेशनकार्ड, आधार यांचा एक संच मूळ आणि एक झेरॉक्स आणा. पैशांची किंवा राहण्याची अडचण असेल तर हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा, शेवटच्या दिवशी नव्हे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा पेशंट आणि नातेवाइकांना राहायला देते, पण अशा जागांना हॉस्पिटलची चिठ्ठी लागते आणि ती याच विभागातून मिळते. सोबत दोन धट्टीकट्टी माणसं हवीत, एक पेशंटजवळ बसायला आणि एक रांगेत.

खाणं-राहणं

खाण्याचं अडत नाही. ज्या गाडीपाशी ऑफिसची माणसं उभ्यानं खाताहेत तिथला वडापाव घ्यावा, कारण तळण सारखं चालू असतं. राहायला नातेवाइकांकडे जाणार असाल तर चार दिवस आधी कळवा आणि सामान कमी आणा, दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतात. ते कामावर निघायच्या आत पोचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत जिन्यात बसावं लागेल. एका रात्रीपुरतं असेल तर सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल स्टेशनात झोपायचे पॉड भाड्यानं मिळतात. मोठ्या स्टेशनांवर सामानघरही आहे, पण कुलूप नसलेली बॅग ते घेत नाहीत. छोटं कुलूप घरूनच आणा.

रविवार आणि पावसाळा

रविवारी मेगाब्लॉक असतो. कुठल्या ना कुठल्या मार्गावर काही तास रूळांचं काम चालतं, गाड्या रद्द होतात किंवा दुसऱ्या रुळांवरून वळवतात. आदल्या दिवशीच्या पेपरात, बातम्यांत वेळा येतात. रविवारची मुलाखत किंवा परीक्षा असेल तर शनिवारी हे न चुकता बघा.

जून ते सप्टेंबर येणार असाल तर भरतीची वेळही बघायची सवय लावा. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी समुद्रात उतरत नाही. मग हिंदमाता, मिलन सबवे, सायन, कुर्ला इथे साचतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, त्या रात्री माणसं ऑफिसात, बसमध्ये, अनोळखी घरांत राहिली. तेव्हापासून मुंबईकर पाणी चढायला लागलं की घाई करत नाही, आहे तिथे थांबतो. तुम्हीही थांबा. तुंबलेल्या पाण्यातून चालायचं झालंच तर फुटपाथच्या कडेनं नको, मधून, आणि चार माणसं जात असतील त्यांच्या मागून, कारण गटाराचं झाकण उघडं असलं तर वरून दिसत नाही.

परतताना

तिकिटावर गाडीत चढण्याचं स्टेशन कुठलं आहे ते सकाळीच बघून ठेवा. सीएसएमटीचं तिकीट असेल तर दादरला चढण्याच्या भरवशावर राहू नका. चढायचं स्टेशन बदलायचं असेल तर ते आधी बदलून घ्यावं लागतं, नाहीतर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. टॅक्सीनं जाणार असाल तर संध्याकाळी दादर ते सीएसएमटीला तासभर हाताशी ठेवा. त्यापेक्षा लोकल बरी: त्या वेळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाड्यांत गर्दी कमी असते, बॅगा घेऊनही बसायला मिळतं. फक्त उतरल्यावर लोकलच्या बाजूनं लांबच्या गाड्यांच्या बाजूला चालत यायला दहा मिनिटं धरा.